वरचा हात कोणता?

इंदूरहून एका वाचकभगिनीचे लांबलचक पत्र आमच्याकडे आले आहे. त्यांची कन्या तेरा वर्षांची असून इयत्ता आठवीत शिकते. गेल्या वर्षी ती शाळेच्या सॉफ्टबॉल संघात निवडली गेली. धावण्यात चपळ, झेल घेण्यात तरबेज. परंतु बॅट हाती आली की तिचे काही चालत नाही. लागोपाठ चार सामन्यांत ती एकही चेंडू मैदानात न टोलवता बाद झाली. यजमान एके काळी क्लबकडून क्रिकेट खेळलेले. ते मैदानाच्या कडेला उभे राहून प्रत्येक चेंडूगणिक मोठ्याने सूचना करतात, आणि घरी जेवणाच्या पानावरही तोच विषय चालतो. आता मुलगी म्हणते, मला खेळायचेच नाही. जिल्ह्याची निवड तीन आठवड्यांवर आली आहे. तिला सोडू द्यावे की रेटावे, असा या भगिनींचा प्रश्न आहे. आणि पत्राच्या शेवटी त्या लिहितात की, मला स्वतःला खेळातले काही कळत नाही, म्हणून माझा तिला काहीच उपयोग नाही.

या शेवटच्या वाक्याशी आम्ही मुळीच सहमत नाही. त्या घरात या घटकेस मुलीला सर्वांत अधिक उपयोग कोणाचा होणार असेल, तर तो तिच्या आईचाच. ते कसे, हे पुढे येईलच. सोडण्या-न सोडण्याचा निर्णय मात्र आज घेऊ नये. चार सामने हरलेल्या मुलीच्या तोंडचे "खेळायचेच नाही" हे शब्द पुष्कळदा "सर्वांच्या देखत चुकायचे नाही" एवढ्याच अर्थाचे असतात. चेंडू बॅटवर आल्याचा आवाज एकदा तिच्या कानी पडू द्यावा, आणि मगच तिला विचारावे. तेव्हाही ती नको म्हणाली, तर तिचे म्हणणे प्रमाण मानावे. खेळ हा काही बाप्तिस्मा नव्हे, की एकदा घेतला म्हणजे जन्मभर राहिला.

प्रथम यजमानांविषयी. होळकर संघाने चार वेळा रणजी करंडक जिंकला, त्या इंदुरात वाढलेल्या माणसाने बॅट म्हणजे क्रिकेटचीच बॅट असे समजावे, यात नवल नाही. परंतु या दोन खेळांतील फटका वेगळ्या जातीचा आहे, आणि आमचा तर्क असा आहे की मुलीच्या अडचणीचे निम्मे मूळ याच घोटाळ्यात असावे. क्रिकेटची खेळपट्टी २२ यार्डांची, म्हणजे सुमारे २० मीटर लांब. चेंडू बहुधा टप्पा घेऊन येतो. बॅट सपाट पात्याची आणि सव्वाचार इंचांपर्यंत रुंद. म्हणून तेथे कोपर उंच, पाते उभे, आणि पुढचा पाय चेंडूच्या टप्प्यापर्यंत टाकावयाचा, हे शिक्षण. सॉफ्टबॉलमध्ये महिलांच्या सामन्यात पिचर ४३ फुटांवरून, म्हणजे सुमारे १३ मीटरवरून, हात खालून फिरवून चेंडू टाकते. चेंडू टप्पा घेत नाही. बॅट गोल असून तिची जाडी जास्तीत जास्त सव्वादोन इंच. अशा गोल दांडक्याने, हवेतून आडव्या येणाऱ्या चेंडूला, आडव्याच मार्गाने भेटावयाचे असते. क्रिकेटमधील त्याचा जवळचा नातलग म्हणजे 'पुल'चा फटका, 'ड्राइव्ह' नव्हे. शिवाय क्रिकेटमध्ये चेंडू नुसता अडवून धरता येतो किंवा सोडून देता येतो, आणि तासभर असे खेळणाऱ्याची लोक स्तुतीही करतात. सॉफ्टबॉलमध्ये तीन स्ट्राइक झाले की बाद. आणि प्लेटवरून, काखेपासून गुडघ्यांपर्यंतच्या उंचीतून गेलेला चेंडू सोडला, तरी तो स्ट्राइकच मोजला जातो.

यातली सर्वांत गमतीची, आणि मुलीच्या दृष्टीने सर्वांत घातक, गोष्ट म्हणजे 'वरचा हात'. क्रिकेटमध्ये बॅट जमिनीकडे लोंबती धरतात. उजव्या हाताने खेळणाऱ्याचा डावा हात मुठीच्या टोकाशी, म्हणजे वर असतो, आणि उजवा हात पात्याच्या बाजूला, म्हणजे खाली. म्हणून क्रिकेटपटू 'वरचा हात' म्हणतो, तेव्हा त्यास डावा हात अभिप्रेत असतो. सॉफ्टबॉलमध्ये दोन्ही हात बॅटवर त्याच क्रमाने असतात. परंतु बॅट खांद्यापाशी आकाशाकडे उभी धरल्यामुळे उजवा हात वर येतो आणि डावा खाली जातो. आता मैदानावर काय होत असेल, याची वाचकांनीच कल्पना करावी. शाळेच्या क्रीडाशिक्षिका सांगतात, "वरच्या हाताने जोर दे". त्यांचा अर्थ उजवा. कडेला उभे असलेले बाबाही म्हणतात, "वरचा हात वापर". त्यांचा अर्थ डावा. दोघेही आपापल्या खेळापुरते बरोबर, आणि तेरा वर्षांची मुलगी मध्येच उभी. अशा वेळी तिने चेंडू चुकवला, तर दोष तिच्या माथी मारणे आम्हांस तरी न्यायाचे वाटत नाही. आजपासून त्या घरात 'वरचा' आणि 'खालचा' हे शब्द बंद करावेत. 'उजवा' आणि 'डावा' असेच म्हणावे.

आता बॅटकडे वळू. पुष्कळ शाळांत संघाला मिळून दोन-तीनच बॅट असतात, आणि त्या थोरल्या मुलींच्या मापाच्या असतात. नियमाप्रमाणे बॅट ३४ इंचांहून लांब आणि ३८ औंसांहून जड असता कामा नये. पण ही कमाल मर्यादा आहे, तेरा वर्षांच्या मुलीचे माप नव्हे. तिच्या वयाच्या मुली बहुधा २९ ते ३२ इंचांच्या बॅटने खेळतात. जड बॅट ओळखण्याची एक जुनी, सोपी रीत आहे. मुलीने एका हाताने बॅट मुठीच्या टोकाशी धरून हात खांद्याच्या रेषेत बाजूला सरळ करावा, आणि मनात वीस-पंचवीस अंक मोजावेत. तेवढ्यात हात थरथरू लागला किंवा खाली आला, तर ती बॅट तिला जड आहे. हलकी बॅट मिळत नसेल, तर मूठ दोन इंच वर सरकवून धरावी. मोठमोठे खेळाडूही तसे करतात. त्यात कमीपणा काही नाही. एवढ्याने देखील बॅट वेळेवर येऊ लागल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत. मुलीला नवी बॅट घेऊन देण्याची ऐपत असेल तर आनंद आहे, पण निवडीच्या आदल्या दिवशी नवी बॅट हाती देऊ नये.

मूठ कशी धरावी, हे सांगावयास क्रीडाशास्त्र लागत नाही. दार ठोठावताना बोटांचे जे सांधे दारावर आपटतात, ते दोन्ही हातांचे सांधे साधारण एका ओळीत यावेत. बॅट तळहाताच्या आत खोल न धरता बोटांच्या मुळाशी धरावी, आणि चेंडू येईपर्यंत पकड सैल असावी. चिमणीचे पिल्लू हातात धरल्यासारखी म्हणा ना. हात आवळले की मनगटे आखडतात, मनगटे आखडली की खांदे आखडतात, आणि बॅट लाकडी ओंडक्यासारखी फिरते. बाबा ओरडू लागले की हात आपोआप आवळले जातात, हेही येथे नमूद करून ठेवतो.

उभे राहण्याविषयी फार लिहीत नाही. पाय खांद्यांहून किंचित अधिक रुंद, गुडघे थोडे वाकलेले, भार चवड्यांवर, आणि दोन्ही डोळे पिचरकडे. पुष्कळ मुली मान अर्धवटच वळवतात आणि एकाच डोळ्याने चेंडू पाहतात, तेवढे पाहावे. बाकी प्रत्येकीची ढब निराळी असते व तिला हात लावू नये.

खरी गोम पुढे आहे. फटक्याचा जोर दंडांतून येतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे; तो येतो जमिनीतून. पिचर चेंडू टाकावयास हात फिरवू लागली की मुलीने भार किंचित मागच्या पायावर न्यावा. मग पुढचा पाय चार-सहा इंच, मांजराच्या पावलाने, पुढे टेकवावा. ती टाच जमिनीवर टेकली की कंबर वळते, कंबरेमागून खांदे, खांद्यांमागून हात, आणि सर्वांत शेवटी बॅटचे टोक. आसूड फोडणारा गाडीवान ज्यांनी पाहिला असेल, त्यांना हा क्रम चटकन कळेल: मुठीकडचा भाग आधी हलतो, आणि टोक मागून येऊन सगळ्यांच्या पुढे जाते. क्रिकेटमध्ये वाढलेल्या मुली या ठिकाणी मोठे पाऊल टाकतात. पाऊल मोठे पडले की डोके पुढे व खाली जाते. डोके हलले की डोळ्यांपुढचा चेंडूही हलल्यासारखा होतो. तिचे पाऊल मोजावयाचे असेल, तर अंगणात खडूने एक रेघ ओढून द्यावी. रेघेपलीकडे पाऊल गेले की तिचे तिलाच दिसते. कोणी सांगावे लागत नाही.

मागच्या पायाने किडा चिरडल्यासारखे कर, असे परदेशांतील शिक्षक एके काळी सर्रास शिकवीत, व आपल्याकडेही ते आले. अलीकडे पुष्कळांनी ते सोडले आहे. कारण मुली किडा चिरडण्यातच रमतात, आणि भार मागेच राहून जातो. मागची टाच वळत्या कंबरेबरोबर आपोआप उचलली जावी, इतकेच. बॅट कुऱ्हाडीसारखी वरून खाली आण, हा उपदेशही तसाच जुना आहे. अमेरिकेतील बेसबॉलपटू टेड विल्यम्स यांनी आपल्या 'द सायन्स ऑफ हिटिंग' या पुस्तकात त्याचे खंडन करून, फटक्याची वाट किंचित वरच्या दिशेची असावी असे प्रतिपादले. कारण उघड आहे: चेंडू जर थोडा उतरत येत असेल, तर त्याच वाटेने त्याला सामोरी जाणारी बॅट त्याच्या मार्गावर अधिक काळ राहते. कुऱ्हाडीची वाट त्या मार्गाला एकाच बिंदूत छेदते. क्षणभर उशीर झाला की सर्वच गेले.

आणखी एक दोष असा आहे, जो तेरा-चौदा वर्षांच्या मुलींत दहांत पाच-सहा ठिकाणी तरी दिसावा. कोळी पाण्यात पाग फेकतो, तसे हात सुरुवातीसच शरीरापासून दूर बाहेर टाकावयाचे, हा तो दोष. दिसावयास मोठा, ऐटबाज फेर दिसतो; पण बॅटला लांबचा वळसा पडतो, आणि ती उशिरा पोहोचते. हात प्रथम छातीजवळूनच पुढे यावेत, बॅटच्या मुठीचे टोक चेंडूकडे निघावे, आणि हात लांब व्हावेत ते चेंडूला भेटल्यावर. त्या भेटीच्या क्षणी उजव्या हाताचा तळवा आकाशाकडे आणि डाव्याचा जमिनीकडे असावा. मनगटे त्याआधीच उलटली, तर चेंडू जमिनीवर आपटत सरपटत जातो. पाग फेकण्याची खोड घालविण्यास भिंत उपयोगी पडते. मुलीने भिंतीकडे तोंड करून, भिंतीपासून बॅटच्या लांबीएवढ्या अंतरावर उभे राहावे आणि सावकाश बॅट फिरवावी. हात बाहेर गेले की बॅट भिंतीला घासते. (भिंत शेजाऱ्यांची नसावी. बॅटही शाळेची नसावी. जुने दांडके पुरे.)

हे सर्व वाचून आमच्या भगिनी म्हणतील, की मूठ, पाऊल, कंबर, हात, मनगटे, हे सारे एका दमात मी तिला कसे सांगू? सांगूच नये. येथेच आईचे काम सुरू होते. शरीराच्या अवयवांकडे लक्ष वेधणाऱ्या सूचनेपेक्षा, कृतीच्या परिणामाकडे लक्ष वेधणारी सूचना शिकणाऱ्यास अधिक फलदायी होते, असे गॅब्रिएल वुल्फ या संशोधिकेने आणि तिच्या सहकाऱ्यांनी १९९८ पासून अनेक प्रयोगांतून दाखविले आहे. "कोपर आत घे" म्हणण्यापेक्षा "तो चेंडू त्या पेरूच्या झाडावरून जाऊ दे" म्हणणे बरे. खेळातले काही न कळणाऱ्या आईला कोपराबद्दल बोलताच येत नाही. पेरूचे झाड मात्र तिला चांगले ओळखता येते.

तर आता साहित्य. रंगाच्या रिकाम्या डब्यात वाळू-सिमेंट भरून त्यात पी.व्ही.सी. नळीचा तुकडा उभा रोवावा. त्यात सरकेल असा दुसरा, बारीक तुकडा घालून उंची कमीजास्त करता येते. टोकाला सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा बसवावा. त्यावर चेंडू नीट राहतो. खेळाडू यास 'टी' म्हणतात व दुकानात ती महाग मिळते. चेंडू म्हणून जुने मोजे घट्ट गुंडाळून शिवावेत, पाच-सहा पुरतील. खरा सॉफ्टबॉल नावाप्रमाणे मऊ नसतो. घेर १२ इंच, वजन पावणेदोनशे ते दोनशे ग्रॅम. काच फोडण्यास व बरगडी दुखावण्यास तो समर्थ आहे. मोज्याच्या चेंडूला हसू नये. १८८७ साली शिकागोच्या फॅरॅगट बोट क्लबात हा खेळ जन्मला, तो दोरीने बांधलेला मुष्टियुद्धाचा हातमोजा आणि एक दांडा घेऊन, आणि तोही छपराखाली.

अंगणात जुनी चादर टांगावी. टीवर चेंडू मुलीच्या कमरेच्या उंचीवर, आणि पुढच्या पायाच्या रेषेत ठेवावा. आईने चेंडू ठेवावा, हात काढून घ्यावा, चार पावले मागे व्हावे, आणि मगच "हं" म्हणावे. "हं" ऐकल्याशिवाय बॅट हलता कामा नये, हा नियम मोडल्यास त्या दिवसाचा खेळ बंद. धाकट्या भावंडांना त्या वेळी घरात ठेवावे. पाच फटके, मग क्षणभर विश्रांती. असे सहा-सात वेळा, म्हणजे दिवसाकाठी तीस-पस्तीस फटके झाले की पुरे. शंभर फटक्यांचा हट्ट धरू नये. दमलेले शरीर चुकीची सवय फार लवकर लावून घेते. संत पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या नवव्या अध्यायात हवेत नुसते ठोसे मारणाऱ्याचा दाखला दिला आहे, तो आमच्या वाचकांस ठाऊक आहेच. अंगणात चेंडूवाचून नुसती बॅट फिरवीत राहणाऱ्या मुलांना पाहिले की तो हटकून आठवतो.

आणि त्या सबंध वेळात आईने "हं" खेरीज काय बोलावे? शक्यतो काहीच नाही. चेंडू चादरीच्या मध्यावर गेला की मुलीला कळते. खाली आपटला की कळते. तिने आपण होऊन "आई, कसा होता?" असे विचारले, तर "तुला कसा वाटला?" एवढेच विचारावे. एका आठवड्यात एकच गोष्ट धरावी, आणि तीही क्रीडाशिक्षिकांना विचारून. म्हणजे शाळेत एक व घरी दुसरे असे होणार नाही. पहिल्या आठवड्यात बॅटचे वजन आणि पकड. दुसऱ्यात ते पाऊल, खडूच्या रेघेसह. तिसऱ्या आठवड्यात नवे काहीही काढू नये, कारण निवड तोंडावर आलेली असेल. पाग फेकण्याचा दोष असला, तर तो निवडीनंतर सावकाश काढता येईल. त्यास दोन-तीन महिने लागतात, आणि मध्यंतरी खेळ आधी थोडा बिघडतो. तीन आठवड्यांत सर्व काही सुधारून देतो असे कोणी सांगितले, तर त्याच्यावर विश्वास ठेवू नये.

मोबाइलवर तिच्या खेळाचे चित्रण करावे काय, असाही एक प्रश्न पत्रात आहे. करावे, पण आठवड्यातून एकदाच, बाजूने, आणि त्या आठवड्याच्या एका गोष्टीपुरतेच पाहावे. ते नातेवाइकांच्या गटात मात्र पाठवू नये. मावशी, आत्या आणि नागपूरचे काका यांची मते त्यावर येऊ लागली की झालेच.

टीवरचा चेंडू स्थिर असतो, सामन्यातला नसतो, हे खरेच. पिचरने ताशी ७० किलोमीटर वेगाने टाकलेला चेंडू, तिचे पुढे आलेले पाऊल धरून हिशेब केला, तर अर्ध्या सेकंदाहून थोड्याच अधिक वेळात प्लेटपाशी येतो. आणि त्यातला सुमारे एक पंचमांश सेकंद बॅट फिरण्यातच जातो. म्हणजे चेंडू निम्म्या वाटेवर असतानाच मारावा की सोडावा हे ठरवावे लागते. हे ठरविण्याची नजर जन्मतः मिळत नाही, आणि एका खेळातली दुसऱ्यात जशीच्या तशी नेताही येत नाही. याचा नामी पुरावा २००४ साली अमेरिकेत मिळाला. ऑलिंपिक संघाची सॉफ्टबॉल पिचर जेनी फिंच हिने एका प्रदर्शनी सामन्यात बेसबॉलमधील आल्बर्ट पुहोल्स, माइक पियाझा आणि ब्रायन जाइल्स या नामांकित फलंदाजांना तीन-तीन स्ट्राइकवर बाद केले. हे तिघे ताशी दीडशे किलोमीटरचा चेंडू टोलविणारे. पण खालून फिरणारा हात आणि कमरेपासून सुटणारा चेंडू त्यांच्या डोळ्यांच्या सवयीचा नव्हता. मग गल्लीत क्रिकेट खेळून वाढलेल्या मुलीचा चेंडू चुकतो, यात तिच्या हुशारीचा प्रश्न येतोच कुठे?

त्यास उपाय एकच: पुष्कळ पाहणे. सरावाच्या वेळी संघातली पिचर चेंडू टाकत असताना मुलीने डोक्यावर हेल्मेट घालून प्लेटपाशी नुसते उभे राहावे, बॅट मुळीच फिरवू नये, आणि चेंडू हातातून सुटताच मनात "हो" किंवा "नाही" म्हणावे. रोज वीस-पंचवीस चेंडू असे पाहिले, तर महिन्याभरात फरक दिसतो. घरी आईने तिच्यापुढे तीन मीटरवर, पण समोर नव्हे तर तिरके, स्टुलावर बसून मोज्याचे चेंडू खालून हळू टाकावेत. येथे खरा चेंडू वापरावयाचा नाही. आतल्या बाजूचा चेंडू पुढच्या पायाच्या किंचित पुढे गाठावा लागतो, आणि बाहेरचा थोडा मागे येऊ द्यावा लागतो, हे तिला या खेळात आपोआप उमगेल.

यजमानांना आम्ही विसरलो नाही. त्यांच्या हाती एक वही आणि पेन्सिल द्यावी. क्रिकेट खेळलेल्या माणसाला गुणपत्रक लिहिण्याची गोडी असतेच. सामन्यात मुलीच्या वाट्याला आलेला प्रत्येक चेंडू कोठून गेला, तिने बॅट फिरविली की नाही, आणि फाऊल गेला असल्यास कोणत्या बाजूस, हे त्यांनी टिपावे. उजव्या हाताने खेळणारीचे फाऊल पुन्हा पुन्हा उजवीकडे जात असतील, तर बॅट उशिरा येते आहे; डावीकडे जात असतील, तर लवकर. बॅट न फिरविताच स्ट्राइक होत असतील, तर दोष हातांचा नसून धिटाईचा किंवा नजरेचा आहे, आणि मग मूठ-कोपर यांची चर्चा व्यर्थ आहे. अशी चार सामन्यांची वही क्रीडाशिक्षिकांना फार मोलाची वाटेल. शिवाय लिहिणाऱ्या माणसाला ओरडावयास फुरसत होत नाही. ती वही घरी जेवणाच्या वेळी उघडू नये.

त्यांनी आणखी दोन आकडे ध्यानात ठेवावेत. वर ज्यांचा उल्लेख केला त्या टेड विल्यम्स यांची १९४१ च्या मोसमातील सरासरी .४०६ होती, म्हणजे मोजलेल्या दर दहा संधींपैकी सहांत ते अयशस्वी ठरले, आणि तरीही त्या मोसमाची आठवण आज काढली जाते. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये लिसा फर्नांडिस हिने .५४५ ची सरासरी राखली. तीही जवळजवळ निम्म्या वेळा रिकाम्या हाताने परतली. शतक हे ज्या खेळाचे माप आहे, त्या खेळातून आलेल्या पित्याला हे पचविणे जड जाईल, याची आम्हांस जाणीव आहे.

निवड झाली नाही तर काय, असे विचारण्याचे भगिनींनी टाळले आहे, तरी ते ओळींच्या मध्ये दिसते. नाही झाली तर टी अंगणात तशीच राहू द्यावी, आणि मुलगी आपण होऊन बॅट घेऊन बाहेर येते का, ते पाहावे. आली, तर बाहेर जाऊन चेंडू ठेवावा. नाही आली, तर महिनाभराने नळी काढून डब्यात तुळस लावावी. मुलीला टोमणा मारू नये.

राहता राहिला रविवारच्या सामन्याचा प्रश्न. सकाळी सात वाजता मैदानावर हजर राहावयाचे असल्याने मिस्सा चुकते, म्हणून आजी नाराज आहेत, असे पत्रात आहे. आजींची नाराजी योग्यच आहे. परंतु शनिवारी सायंकाळच्या मिस्साबलिदानात भाग घेतल्याने रविवारचे कर्तव्य पूर्ण होते, अशी ख्रिस्तसभेची तरतूद आहे. आपल्या धर्मग्रामात शनिवारी सायंकाळी मिस्सा नसेल, तर जवळच्या कोणत्या चर्चमध्ये आहे हे धर्मगुरूंना विचारून घ्यावे, आणि शक्य तर आजींनाही बरोबर न्यावे.